कालमापन व प्रमाणवेळ, सोलापूर शहरातील

वेळ मोजणे आणि वेळ विचारून घेणे या दोन भिन्न क्रिया होत. कोणत्याही गावात प्रत्यक्ष वेळ मोजणारे थोडे असतात. इतर सर्व जण ती कोणाकडून तरी मिळवितात. वेळ कोणाकडून घ्यावयाची व कोणाची वेळ खरी मानावयाची, हे काळानुसार बदलत गेले. सूर्य, घटिकापात्र, पंचांग, रेल्वेस्थानकावरील घड्याळ, गिरणीचा भोंगा, आकाशवाणीचा संकेत व अखेरीस संगणकांच्या जाळ्यातील कालसेवा अशी ही परंपरा आहे. सोलापूर हे रेल्वेमार्गावरील ठाणे, कापडगिरण्यांचे केंद्र आणि पंचांगनिर्मितीचे स्थान अशा तिन्ही नात्यांनी ओळखले जात असल्यामुळे तेथे या परंपरेचे बहुतेक टप्पे एकाच शहराच्या इतिहासात पाहावयास मिळतात.

भौगोलिक स्थिती व स्थानिक वेळ : सोलापूर सु. १७° ४१′ उत्तर अक्षांश व ७५° ५४′ पूर्व रेखांश यांवर वसलेले आहे. पृथ्वीला एक रेखांश फिरण्यास ४ मिनिटे लागतात. त्यामुळे सोलापूरची स्थानिक माध्य वेळ ग्रिनिच वेळेच्या पुढे ५ तास ३ मि. ३६ सेकंद येते. भारतीय प्रमाणवेळ ८२° ३०′ पूर्व रेखांशाची, म्हणजे ग्रिनिचच्या पुढे ५ तास ३० मि. आहे. सोलापूरची स्थानिक वेळ तिच्या २६ मि. २४ सेकंद मागे पडते. जुन्या मापाने हे अंतर १ घटिका ६ पळे इतके होते. मुंबईची स्थानिक वेळ सोलापूरच्या सु. १२ मि. मागे, तर मद्रासची (चेन्नईची) सु. १७ १/२ मि. पुढे असते. सोलापुरात सूर्य मध्यान्ही येतो तेव्हा प्रमाणवेळेच्या घड्याळात सरासरीने १२ वाजून २६ मि. झालेली असतात. सूर्याची भासमान गती वर्षभर सारखी नसल्याने हा क्षण नोव्हेंबरच्या प्रारंभी १२ वाजून १० मि. इतका अलीकडे आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात १२ वाजून ४१ मि. इतका पलीकडे जातो. छायायंत्र आणि घड्याळ यांचा मेळ न बसण्याचे कारण हेच होय. त्यात दोष दोघांपैकी कोणाचाच नसतो.

घटिका व पळे : पारंपरिक गणनेत एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतच्या काळाचे ६० भाग करीत. प्रत्येक भाग म्हणजे एक घटिका किंवा घटी (२४ मि.) व घटिकेचा साठावा भाग म्हणजे एक पळ (२४ सेकंद). ती मोजण्यासाठी तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्याने भरलेल्या भांड्यात सोडीत. छिद्रातून पाणी शिरून ती एका घटिकेत बुडे व पुन्हा रिकामी करून ठेवली जाई. मोठ्या ठाण्यांत प्रत्येक घटिकेस तास वाजविण्यासाठी घड्याळजी नेमलेला असे. विवाह व मौंजीबंधन या संस्कारांत घटिकास्थापनेचा विधी आजही काही ठिकाणी करतात. या पद्धतीचे वैशिष्ट्य असे, की तिचा आरंभबिंदू सूर्योदय हा होता. तो प्रत्येक गावाचा वेगळा असल्याने प्रत्येक गाव आपल्या वेळेच्या बाबतीत स्वयंपूर्ण होते. शेजारच्या गावाशी वेळ जुळविण्याचे प्रयोजनच नसल्याने दोन गावांच्या वेळांतील फरक कोणास जाणवतही नसे.

पंचांग : सामान्य माणसाच्या हाती असलेले काळ विचारण्याचे सर्वांत जुने लिखित साधन म्हणजे पंचांग. तिथी, वार, नक्षत्र, योग व करण ही पाच अंगे गणिताने काढून ठेवलेली असत. वाचणाऱ्यास स्वतः गणित करावे लागत नसे. महाराष्ट्रात दीर्घकाळ ही पंचांगे गणेश दैवज्ञाच्या ग्रहलाघव (१५२०) या करणग्रंथावरून तयार होत. काळाच्या ओघात त्याचे गणित आकाशातील प्रत्यक्ष स्थितीशी जुळेनासे झाले. तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ग्रहसाधनांची कोष्टके प्रसिद्ध केली. पुढे शंकर बाळकृष्ण दीक्षित व व्यंकटेश बापूजी केतकर यांनी पंचांगशोधनाचे कार्य चालविले. लोकमान्य टिळकांनी १९०४ मध्ये मुंबईस भरलेल्या ज्योतिष संमेलनात या प्रश्नाला चालना दिली.

या चळवळीच्या पार्श्वभूमीवर सोलापुरात लक्ष्मणशास्त्री ऊर्फ नानाशास्त्री दाते यांनी १९१६ च्या सुमारास पंचांग प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. धुंडिराजशास्त्री दाते यांनी ते पुढे चालविले. दाते पंचांग या नावाने ते महाराष्ट्रभर व महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांतही पोहोचले. मुंबई किंवा पुणे येथे मुद्रित होणाऱ्या ग्रंथांवर अवलंबून असलेल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणाहून राज्यातील घरोघरचे सणवार व मुहूर्त ठरू लागले, ही गोष्ट सोलापूरच्या सांस्कृतिक इतिहासात महत्त्वाची आहे.

पंचांग व प्रमाणवेळ यांचा संबंध समजून घेण्याजोगा आहे. तिथी ही सूर्य व चंद्र यांच्यातील अंतरावर अवलंबून असते. तिची समाप्ती सर्व ठिकाणी एकाच क्षणी होते. सूर्योदय मात्र स्थलपरत्वे बदलतो. जुन्या पंचांगांत तिथीची समाप्ती सूर्योदयापासूनच्या घटिका-पळांत देत. त्यामुळे एका गावचे पंचांग दुसऱ्या गावी वापरावयाचे झाल्यास रेखांशभेदाचा देशांतर संस्कार व दिनमानभेदाचा चर संस्कार करावा लागे. तिथीची समाप्ती प्रमाणवेळेच्या तास-मिनिटांत दिल्यास तो आकडा साऱ्या देशास सारखाच लागू पडतो. वाचकास केवळ आपल्या गावचा सूर्योदय पाहावा लागतो. मात्र सूर्योदयाच्या आगेमागे संपणाऱ्या तिथीच्या बाबतीत दोन गावांचे सण भिन्न दिवशी येऊ शकतात. केंद्र सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये पंचांगसुधारणा समिती नेमली. तिच्या शिफारशींनुसार २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अंमलात आली. राष्ट्रीय पंचांगासाठी ८२° ३०′ पूर्व रेखांश व उज्जैनचा अक्षांश यांवरील बिंदू मध्यवर्ती स्थान म्हणून घेण्यात आला. सोलापूरकरांचा सर्वांत मोठा उत्सव, सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा, मकरसंक्रांतीशी निगडित असल्याने सौर गणनेशी जोडलेला आहे व म्हणून इंग्रजी महिन्याच्या जवळजवळ त्याच तारखांना येतो.

रेल्वेची वेळ : ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६० मध्ये सोलापूरपर्यंत आला. बोरघाटातील चढाचा भाग १८६३ मध्ये खुला झाल्यावर सोलापूर मुंबईशी अखंड जोडले गेले. १८७१ मध्ये हा मार्ग रायचूर येथे मद्रास रेल्वेला मिळाला. मुंबई ते मद्रास या प्रवासात स्थानिक वेळेचा फरक सु. अर्ध्या तासाचा होतो. एकाच लोहमार्गावर दोन्ही बाजूंनी गाड्या सोडताना प्रत्येक स्थानकाने आपल्या गावची वेळ पाळली असती, तर वेळापत्रक निरुपयोगी ठरून अपघातांचा धोका उद्‍भवला असता. म्हणून १८७० च्या सुमारास भारतातील रेल्वेमार्गांसाठी मद्रास वेळ स्वीकारण्यात आली. मद्रास येथील वेधशाळा अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थापन झालेली होती व तेथून तारायंत्राने दररोज स्थानकांना कालसंकेत पाठविण्याची व्यवस्था होती. मुंबई व कलकत्ता (कोलकाता) यांच्या वेळांच्या साधारण मधली म्हणूनही ती सोयीची होती.

याचा परिणाम असा झाला, की सोलापुरात दोन वेळा नांदू लागल्या : गावची व स्थानकाची. गावच्या मानाने स्थानकाचे घड्याळ सु. साडेसतरा मि. पुढे असे. सूर्याच्या अंदाजाने निघालेल्या प्रवाशाची गाडी चुकणे शक्य होते. वेळ आता आकाशाकडे पाहून ठरत नव्हती. शेकडो मैलांवरील वेधशाळेने ती तारेतून धाडलेली होती. आपल्या गावचा सूर्य प्रमाण न मानता दूरच्या यंत्राचा संकेत प्रमाण मानण्याची ही पहिली सवय होय.

मद्रास वेळ रेल्वेपुरती होती तोवर तिला विरोध झाला नाही. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी १८८१ मध्ये ती सरकारी कचेऱ्यांना लागू केली, तेव्हा मात्र मुंबई शहरात तीव्र नाराजी उमटली. मुंबई विद्यापीठाने राजाबाई मनोऱ्यावरील घड्याळ मुंबईच्या वेळेवरच ठेवण्याचा आग्रह धरला व त्या घड्याळाच्या दिवाबत्तीच्या खर्चावरून सरकारशी वाद झाला. अखेर १८८३ मध्ये सरकारने माघार घेतली.

भारतीय प्रमाणवेळ : वॉशिंग्टन येथे १८८४ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ग्रिनिच रेखांश हा मूळ रेखांश मानला. त्यानंतर ग्रिनिचपासून पूर्ण वा अर्ध्या तासांच्या अंतरावरील प्रमाणवेळा अनेक देशांत रूढ होऊ लागल्या. भारतात १ जानेवारी १९०६ पासून ५ १/२ तासांची प्रमाणवेळ अंमलात आली. या बदलात रेल्वेच्या घड्याळांना सु. ९ मि. पुढे सरकावे लागले. स्थानिक वेळ पाळणाऱ्यांना सोलापुरात २६ व मुंबईत ३९ मि. पुढे जावे लागत होते. हा प्रश्न केवळ काट्यांचा नव्हता. गिरणी सकाळी अमुक वाजता सुरू होते, असा नियम असेल व घड्याळच ३९ मि. पुढे नेले असेल, तर कामगारास तेवढेच लवकर उठावे लागते. मुंबईतील गिरणी कामगारांत जानेवारी १९०६ मध्ये याच कारणावरून असंतोष उफाळून आला व काम बंद पडण्यापर्यंत मजल गेली. मुंबई महानगरपालिकेने त्याच वर्षी मुंबई वेळेकडे परतण्याचा ठराव केला. काही व्यवहारांत ती वेळ १९५५ पर्यंत टिकून होती. सोलापूर हे मुंबई-मद्रास मार्गावरील ठाणे असल्याने तेथे दोन वेळांचा परिचय आधीच झालेला होता. प्रमाणवेळेने त्यांतील रेल्वेच्या वेळेची जागा घेतली आणि हळूहळू गावची वेळ व्यवहारातून नाहीशी झाली.

गिरणीचा भोंगा : सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली, ती पुढे ‘जुनी गिरणी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लक्ष्मी व नरसिंग गिरजी या गिरण्या आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विष्णू व जाम या गिरण्या निघाल्या. पूर्वी येथील विणकर आपापल्या घरी हातमागावर काम करीत. त्यांचे काम उक्ते असल्याने वेळेपेक्षा विणलेल्या वस्त्राला महत्त्व असे. दिवसाची मांडणी घरातील माणसांच्या सोयीने होई. गिरणीत वाफेचे यंत्र एकदा फिरू लागले, की सर्व खात्यांत माणूस हजर असावा लागे. त्यामुळे वेळेवर येणे ही नोकरीची पहिली अट बनली.

कामगारांच्या घरी घड्याळ क्वचितच असे. त्यांच्यासाठी वेळ सांगण्याचे काम भोंग्याने केले. बाष्पित्रातील वाफ सोडून वाजविलेला हा कर्कश ध्वनी दूरवर ऐकू जाई. पहिला भोंगा उठविण्याचा, दुसरा निघण्याचा व तिसरा काम सुरू होण्याचा, अशी खूण कामगारवस्तीत ठरून गेलेली असे. गिरणीशी संबंध नसलेले लोकही चूल पेटविणे, पाणी भरणे, मुलांना शाळेत धाडणे या गोष्टी भोंग्यावरून ठरवीत. शहराला वेळ पुरविणारी ही जणू सार्वजनिक सेवाच होती. मात्र ती मालकाच्या हाती होती. भोंग्याची वेळ खरी की खोटी, हे ताडून पाहण्याचे साधन कामगाराजवळ नव्हते. फाटक बंद झाल्यावर येणाऱ्यास परत जावे लागे व रोज बुडे. वीजदिवे येण्यापूर्वी कापडगिरण्या सामान्यतः सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत. सोलापूरच्या अक्षांशावर उन्हाळ्यातील सर्वांत मोठा दिवस सु. १३ तासांचा व हिवाळ्यातील सर्वांत लहान सु. ११ तासांचा असतो. म्हणजे कामाचे तासही ऋतूप्रमाणे बदलत. विजेच्या प्रकाशाने ही नैसर्गिक मर्यादा काढून टाकली आणि कायद्याने मर्यादा घालण्याची निकड वाढली.

कारखान्यांविषयीचा पहिला कायदा १८८१ मध्ये झाला. त्याने केवळ मुलांच्या कामाचे तास मर्यादित केले. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांसाठी ११ तासांची मर्यादा घातली. कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांचे तास १९११ मध्ये १२ वर आणले गेले. १९२२ मध्ये आठवड्याचे ६०, १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत ५४ व १९४६ मध्ये ४८ तास अशी घट होत गेली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ही मर्यादा कायम केली. कामाच्या वेळांचा तक्ता कामगारांना कळणाऱ्या भाषेत लावण्याचे बंधनही त्यात होते. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने दंडाची मर्यादा मजुरीच्या रुपयास अर्धा आणा अशी ठरविली आणि गैरहजेरीबद्दलची कपात गैरहजेरीच्या काळाच्या प्रमाणातच करता येईल, असे बंधन घातले. वेळ ही मालकाने सांगावयाची व कामगाराने ऐकावयाची गोष्ट न राहता दोघांनाही तपासता येईल अशी लिखित बाब झाली, हे या कायद्यांचे खरे महत्त्व होय.

सोलापुरात कालनियंत्रणाचा याहून कठोर प्रकारही अस्तित्वात होता. गुन्हेगार जमाती कायद्याखाली शहरालगत काटेरी तारेच्या कुंपणाची वसाहत वसविण्यात आली होती. तेथील अनेक स्त्रीपुरुष गिरण्यांत कामास जात. त्यांना कामावरील हजेरीखेरीज वसाहतीतील हजेरीही द्यावी लागे. ठरलेल्या वेळी हजर नसणे हा त्यांच्या बाबतीत मजुरी बुडण्याचा प्रश्न नव्हता, तर शिक्षेस पात्र अपराध होता. हा कायदा रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या.

जुनी गिरणी ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली, तेव्हा हजारो कामगार बेकार झाले. केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये अध्यादेश काढून तिचे व्यवस्थापन आपल्याकडे घेतले. त्याविरुद्ध एका भागधारकाने केलेला चिरंजितलाल चौधरी खटला सर्वोच्च न्यायालयाच्या आरंभीच्या महत्त्वाच्या खटल्यांत गणला जातो. विसाव्या शतकाच्या अखेरीस शहरातील बहुतेक मोठ्या गिरण्या बंद पडल्या. त्यांबरोबर भोंगेही थांबले व शहराची सामायिक वेळ व्यक्तीच्या मनगटावर आणि पुढे खिशात गेली.

युद्धकालीन वेळ : दुसऱ्या महायुद्धात दिव्यांच्या वापरात काटकसर व्हावी म्हणून १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ च्या मध्यापर्यंत भारतातील घड्याळे एक तास पुढे करण्यात आली होती. या काळात सोलापुरात सूर्य मध्यान्ही येई तेव्हा घड्याळात जवळजवळ दीड वाजलेला असे. या तीन वर्षांत जन्मलेल्या व्यक्तीची जन्मवेळ घड्याळावरून टिपलेली असल्यास पत्रिका करताना तीतून एक तास वजा करावा लागतो. वजा न केल्यास लग्नबिंदू सु. १५ अंशांनी, म्हणजे सरासरी अर्ध्या राशीने चुकतो. ज्योतिषाच्या फलितांवर विश्वास असो वा नसो, नोंदीतील आकडा कोणत्या वेळेचा आहे हे कळल्याशिवाय त्यास अर्थ नसतो, हे या उदाहरणावरून ध्यानी येते.

आकाशवाणी व अणुघड्याळ : स्वातंत्र्योत्तर काळात आकाशवाणीच्या बातम्यांपूर्वीचे ठोके हे घड्याळ लावण्याचे सर्वमान्य साधन झाले. मालक, कामगार, शिक्षक व शेतकरी या सर्वांना तोच संकेत एकाच क्षणी मिळत असल्याने वेळेवरील मक्तेदारी संपुष्टात आली. भारतीय प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आहे. सिझियम अणूच्या प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद, ही व्याख्या १९६७ मध्ये स्वीकारली गेली. या व्याख्येत सेकंदाचा पृथ्वीच्या परिवलनाशी थेट संबंध नाही. पृथ्वीच्या गतीतील अनियमिततेशी मेळ राखण्यासाठी १९७२ पासून २०१६ अखेरपर्यंत २७ लीप सेकंद घालण्यात आले.

संगणकातील वेळ : संगणकाच्या आत विद्युत्‌घटावर चालणारे एक लहान क्वॉर्ट्‌झ घड्याळ असते. त्याचा स्फटिक बहुधा सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो. संगणक सुरू होताच त्याची प्रचालन प्रणाली या घड्याळावरून वेळ घेते व पुढे स्वतः मोजत राहते. अनेक प्रणालींत ही मोजणी १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून लोटलेल्या सेकंदांच्या एकाच संख्येने करतात. तीत लीप सेकंद धरीत नाहीत. ही संख्या ३२ अंकस्थानांत साठविणाऱ्या जुन्या यंत्रणांची मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मि. ७ सेकंदांनी संपेल.

आज्ञावली स्वतः काळ मोजत नाही. ती प्रणालीकडे ठरलेल्या रीतीने विचारणा करते व उत्तरादाखल संख्या मिळविते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेत (१९९५) ही सोय ‘डेट’ नावाच्या घटकाने केलेली आहे. त्याची घडण त्या वेळच्या जावा भाषेतील घटकावरून घेतली होती. महिन्यांचे क्रमांक शून्यापासून सुरू करण्याची व त्यामुळे होणाऱ्या चुकांची परंपराही तेथूनच आली. हा घटक १९७० पासूनचे मिलिसेकंद देतो. ग्रिनिचपासूनचा फरक विचारल्यास भारतात उणे ३३० मि. असे उत्तर येते. चिन्ह उलटे असण्याचे कारण, ग्रिनिच वेळ मिळविण्यासाठी स्थानिक वेळेत किती मिनिटे मिळवावीत, हे तो सांगतो. घड्याळ मध्येच मागेपुढे केले, तर दोन क्षणांमधील अंतर चुकू नये म्हणून केवळ पुढेच जाणारा दुसरा गणकही ब्राउझर पुरवितो. २०१८ मध्ये संगणकांच्या प्रक्रियकांतील सुरक्षादोष उघडकीस आल्यावर या गणकाची सूक्ष्मता ब्राउझरांनी हेतुपुरस्सर कमी केली.

अशा रीतीने मिळणारी वेळ ही वापरणाऱ्याच्या यंत्राची असते. ती चुकीची असू शकते किंवा मुद्दाम बदललेलीही असू शकते. म्हणून ई-निविदा, प्रवेश-अर्ज, परीक्षा वा हजेरी यांसारख्या व्यवहारांत सर्व्हरची वेळ ग्राह्य धरतात. सर्व्हर आपली वेळ डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या जाळे-कालसंकेताने जुळवून घेतात. यात विचारणा निघाल्याची, पोहोचल्याची, उत्तर निघाल्याची व परत आल्याची अशा चार वेळा टिपतात. जाण्यायेण्यास सारखाच वेळ लागला असे धरून दोन घड्याळांतील फरक काढतात. मद्रासच्या वेधशाळेने तारायंत्रातून स्थानकांना जे पुरविले, तेच हे काम अधिक सूक्ष्मतेने होय. एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षाविषयक यंत्रणेने देशातील संस्थांना आपल्या यंत्रणा राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या कालसेवेशी जुळविण्याचा निर्देश दिला.

येथे जुनाच प्रश्न नव्या रूपात येतो. मुदतीच्या शेवटच्या मिनिटास अर्ज भरणाऱ्या सोलापुरातील विद्यार्थ्याच्या पडद्यावर मुदत शिल्लक दिसत असूनही सर्व्हरचे फाटक बंद झालेले असू शकते. त्याच्या हाती घड्याळ आहे. तथापि निर्णय त्या घड्याळाचा नसतो. कारखाने अधिनियमाने वेळांचा तक्ता लावण्याचे बंधन घातले, त्याच न्यायाने सर्व्हरची वेळ अर्जाच्या पानावर दाखविणे उचित ठरते.

कालक्षेत्रांची कोष्टके व ऐतिहासिक नोंदी : ग्रिनिच वेळेवरून स्थानिक वेळ काढण्यासाठी संगणक कालक्षेत्रांच्या एका सामायिक कोष्टकाचा आधार घेतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० नंतरच्या दशकात त्याची सुरुवात केली. ज्या प्रदेशांची घड्याळे १९७० पासून सारखी चालत आली, त्यांना त्यात एकच नोंद मिळते. म्हणून सर्व भारतासाठी ‘आशिया/कोलकाता’ ही एकच नोंद आहे. सोलापूर वा मुंबई तीत स्वतंत्रपणे येत नाहीत. या नोंदीनुसार १८५४ पूर्वी कोलकात्याची स्थानिक वेळ, १८७० ते १९०५ या काळात ५ तास २१ मि. १० सेकंदांची मद्रास वेळ, १९०६ पासून प्रमाणवेळ व महायुद्धाच्या काळात एक तास वाढीव वेळ धरली जाते.

परिणामी, सोलापुरातील १९४३ सालच्या नोंदीची वेळ आज्ञावलीत घातल्यास वाढीव तासाची दुरुस्ती आपोआप होते व उत्तर बरोबर येते. मात्र १८८० सालची गावच्या वेळेने टिपलेली नोंद घातल्यास आज्ञावली ती मद्रास वेळेची समजते व साडेसतरा मि. चूक करते. एके काळी केवळ स्थानकाच्या आवारात चालणारी वेळ अशा प्रकारे मागाहून साऱ्या गावाची वेळ ठरते. मुंबईच्या बाबतीत १९०६ नंतरच्या दीर्घ विरोधाचा मागमूसही या कोष्टकात नाही. जुन्या जन्मनोंदी, हवामानाचे वेध, गिरण्यांचे हजेरीपट वा न्यायालयीन कागद यांचे संगणकीकरण करताना मूळ नोंद कोणत्या वेळेत केली होती, याचा स्वतंत्र उल्लेख करणे त्यामुळे आवश्यक ठरते. कागदावरील मूळ आकडा जसाच्या तसा ठेवावा व रूपांतरित वेळ शेजारी द्यावी, ही पद्धत सुरक्षित होय.

घटिकापात्रापासून सर्व्हरपर्यंतच्या या वाटचालीत सूक्ष्मता पळापासून सेकंदाच्या अत्यल्प भागापर्यंत गेली. परंतु वेळ सांगणारा दरवेळी वापरणाऱ्यापासून अधिक दूर गेला. सोलापूरचा सूर्य मात्र प्रमाणवेळेच्या १ घटिका ६ पळे मागाहून माथ्यावर येतो, आणि शहरातील पंचांगकर्ते सूर्योदयाची वेळ देताना तो फरक आजही हिशेबात घेतात.